लेआमावशीच्या नावाची कुंची

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी? तर समुद्राला भरती-ओहोटीची नुकतीच सवय लागत होती, इतकी जुनी. आणि तेव्हा बैल बोलायचे. म्हणजे सारखी बडबड नाही हं, पण अडल्या वेळी एखादं वाक्य टाकायचे.

तर तेव्हा एका खाडीच्या काठी, माडांच्या सावलीत, तेल्यांचं एक छोटं गाव होतं. चाळीस घरं आणि सात घाणे, बस. या तेल्यांची एक गंमत होती. आठवड्याचे सहा दिवस त्यांचे घाणे करकर करकर फिरायचे, आणि शनिवारी सगळं बंद. एकदम बंद! घाणा नाही, चूल नाही, सुई-दोरासुद्धा नाही. बैल पण सुट्टीवर. आजूबाजूच्या गावांतले लोक शुक्रवारीच बाटल्या घेऊन यायचे. म्हणायचे, "आजच भरून घ्या रे, उद्या तेली देवाचं पण ऐकायचे नाहीत." आणि तेली म्हणायचे, "अहो, देवाचंच तर ऐकतोय!"

हे लोक मूळचे फार लांबचे. त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याशी फुटलं होतं. सामान बुडालं, पोथ्या बुडाल्या. पोहत पोहत जे काठाला लागले, त्यांच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या. एक शनिवार, आणि दुसरी त्यांची नावं. कारण या दोन गोष्टी पाण्यात भिजत नाहीत.

नावं कशी, तर योना, कालेब, इसाजी. बायकांची राहेल, दबोरा, मिल्का, हन्ना. आजीचं नाव नातीला, आजोबांचं नातवाला, असं करत करत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. अर्थ मात्र कुणालाच माहीत नव्हता. पोथ्याच बुडाल्या ना! आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडतही नव्हतं. एखाद्या पोरीने विचारलं, "राहेल म्हणजे काय गो?" तर आई सांगायची, "राहेल म्हणजे विहिरीजवळची राहेल, जी ताक मस्त करायची. आणखी काय असणार?"

मुलीचं नाव बाराव्या दिवशी ठेवायचं. जिचं नाव ठेवायचं ती बाई स्वतः यायची. आपल्या जुन्या लुगड्याची कुंची शिवून आणायची, ती बाळाच्या डोक्यावर घालायची आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानात आपलं नाव तीनदा सांगायची. झालं! त्या दिवसापासून ते नाव दोघींचं.

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. वर्षातून एकदा अख्खं गाव जमायचं, गूळ-पोहे-खोबऱ्याचा मलिदा करायचं आणि गेलेल्या माणसांची आठवण काढायचं. तेव्हा ज्याला ज्याचं नाव लाभलंय त्याने उभं राहून सांगायचं, "मी राहेल. माझ्या आधीची राहेल अशी अशी होती." म्हणजे कसं, की ज्याचं नाव कुणी लावलं नाही, त्याच्यासाठी उभं राहणारं कुणी नाही. तो माणूस गेला की गेलाच.

आता या गावात एक सुईण होती. लेआमावशी. तिचा नवरा तरुणपणीच होडीतून गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नाही. पण गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसाने जगात आल्यावर पहिला चेहरा पाहिला होता तो लेआमावशीचा. दोनशेच्या वर बाळं! आणि त्या दोनशेमध्ये लेआ किती, माहितेय? एकही नाही.

कुणी मुद्दाम केलं नव्हतं हो. पण मुलगी झाली की आधी सासूचं नाव, मग आईचं, मग आत्याचं, मग रुसलेल्या मावशीचं. ती रांग लेआमावशीपर्यंत कधी पोचलीच नाही. तिने कधी मागितलंही नाही. दुसऱ्यांच्या बारशाच्या घुगऱ्या खायची आणि घरी यायची.

पण त्या वर्षी एक मजा झाली. मिल्काबाईच्या सुनेला, हन्नाला, दिवस गेले होते. हन्नाची पहिली मुलगी मिल्का, कारण सासूचं नाव आधी. दुसऱ्या मुलीला हन्नाच्या आईचं नाव गेलेलं. आणि नवरा योना, त्याला बहीणच नाही, हन्नालाही नाही. म्हणजे रांग संपली! हन्ना मावशीचा हात धरून म्हणाली, "मावशी, या वेळी मुलगी झाली ना, तर तुमचंच नाव. योनाला पण विचारलंय."

"काय म्हणाला तो?"

"हं म्हणाला."

योना तसा गरीब गडी. आईपुढे त्याचं सगळं बोलणं 'हं' मध्ये उरकायचं.

एका बुधवारी मुलगी झाली. गोरीगोमटी, गुबगुबीत आणि आवाज असा की घाण्याचा बैल दचकला. लेआमावशी घरी गेली, पेटी उघडली आणि लग्नातलं हिरवं लुगडं बाहेर काढलं. इतकी वर्षं तिने ते याच एका दिवसासाठी जपून ठेवलं होतं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. बारीक टाके घालत तिने कुंची शिवली. शिवताना स्वतःशीच पुटपुटत होती. "लेआ. लेआ. लेआ." अहो, स्वतःचं नाव कानात सांगायची प्रॅक्टिस करत होती ती!

रविवारी गावात एक पाहुणा आला. लांबच्या देशातला, पण यांच्याच रक्ताचा. शनिवार पाळणारा. नाव याकोब. व्यापाऱ्यांच्या गलबतांवर राहून राहून आपली भाषा शिकलेला. सोबत बायको तामार, दिवस भरत आलेले. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत गलबत पुढे जाणार नव्हतं, म्हणून दोघं मिल्काबाईच्या पडवीत उतरली. आणि पाहुण्याकडे होती एक पोथी. देवाधर्माचे नियम आणि सगळ्या नावांचे अर्थ लिहिलेली!

झालं. सोमवारी दिवे लागायच्या आत अख्खं गाव घाण्याच्या मांडवात हजर.

"माझं सांगा, माझं!" राहेल सगळ्यांत पुढे.

पाहुण्याने पान उलटलं. "राहेल. म्हणजे मेंढी."

राहेलचा नवरा फिस्सकन हसला. "तरीच!"

"तरीच काय?"

"काही नाही गो. लोकर छान असते म्हणतो मी."

दबोराचा अर्थ निघाला मधमाशी. ती खूश. "म्हणजे मध!" मागून कुणीतरी बोललं, "मध नंतर, आधी नांगी." कालेबची पाळी आली तेव्हा पाहुणा घुटमळला. "याच्यावर जरा वाद आहे. काही जण म्हणतात इमानी. काही जण म्हणतात... कुत्रा."

"तुम्ही इमानीवरच बोट ठेवा," कालेब घाईघाईने म्हणाला. पण तोवर उशीर झाला होता. पोरं भुंकायला लागली होती.

मग उठला इसाजी. गावातला सगळ्यांत आंबट माणूस. त्याच्या तोंडाकडे बघून दूध नासतं म्हणायचे. पाहुणा म्हणाला, "तुमच्या नावाचा अर्थ आहे, हसेल."

मांडव कोसळायचा बाकी राहिला! लोक लोळले. इसाजी तसाच उभा. "हसेल म्हणजे? कोण? कधी?"

"ते पोथीत लिहिलेलं नाही."

"मग उपयोग काय पोथीचा?" म्हणत तो खाली बसला.

योना निघाला कबुतर. तो म्हणाला, "हं." आणि मिल्काबाई? मिल्का म्हणजे राणी! मिल्काबाईंनी पदर सारखा केला, मान अशी सरळ केली, आणि त्या क्षणापासून ती मान काही खाली आली नाही.

लेआमावशी सगळ्यांत शेवटी आली. बाळाला तेल लावून आली होती, हात अजून चकचकत होते. "माझं असेल काहीतरी साधंच," ती म्हणाली. पण डोळे बघायला हवे होते तुम्ही. सणाला बांगड्या भरायला बसलेल्या पोरीसारखे.

पाहुण्याचं बोट पानावरून फिरलं आणि थांबलं.

"लेआ," तो हळू आवाजात म्हणाला. "थकलेली."

या वेळी कुणीच हसलं नाही.

"बरोबर आहे की," मावशी म्हणाली. "गुडघे दुखतातच माझे." आणि मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून, "तुमच्या नावाचा काय हो अर्थ?"

पाहुण्याने पोथी मिटली. "ते पुन्हा कधीतरी," तो म्हणाला.

आता अर्थ कळल्यावर माणसाने काय करावं? विसरून जावं आणि झोपावं. पण गाव ते गाव! दबोरा जिला-तिला चावायला लागली, वर म्हणायची, "मी काय करू, नावातच आहे." राहेलने नवऱ्याशी बोलणं टाकलं. कालेब बाहेर पडेना. इसाजी विहिरीच्या पाण्यात बघून तोंड फाकवून बघायचा, आणि ते इतकं भयंकर दिसायचं की बायकांनी पाण्याची वेळ बदलली.

आणि मिल्काबाई तर राणीच झाल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "बाळाचं नाव बदलायचं."

"अहो आई, पण मी मावशींना शब्द दिलाय," हन्ना म्हणाली.

"तेव्हा अर्थ माहीत होता का? राणीच्या घरात थकलेली नात? उद्या पोर चालायला लागली की लोक म्हणतील, बस गो, दमली असशील. सोयरीक सांगून येईल तो पण म्हणेल, थकलेली सून कोण नेतो घरी?"

"आई, ती बारा दिवसांची पण नाही अजून!"

"म्हणूनच. आत्ताच विचार करायचा. योना, तुझं काय म्हणणं?"

योनाने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं. "हं," तो म्हणाला. आणि ते 'हं' कुणाच्या बाजूचं होतं, हे त्यालाही कळलं नाही.

तेवढ्यात लेआमावशी दारात. रोजच्यासारखी, बाळाला तेल लावायला. मिल्काबाई वाईट नव्हत्या हो. पण राणीपण नवीन होतं ना, जरा अंगात आलं होतं. त्या म्हणाल्या, "लेआबाई, राग मानू नका. माणूस म्हणून तुम्ही सोन्यासारख्या. पण नाव काही बरं नाही तुमचं. आम्ही दुसरं बघतोय."

मावशीच्या ओंजळीत तेल होतं. ते सांडलं नाही तिने. "राग कसला गो," ती म्हणाली. "पोर तुमची." मग खाली बसली, बाळाचे पाय चोळले, हात चोळले, टाळू भरली, आणि निघाली. हन्ना तोंडात पदर धरून रडत होती.

घरी येऊन मावशीने ती हिरवी कुंची घडी घातली आणि तांदळाच्या मडक्यात खोल दडवली. मग गाठोडं, तिच्या सुईणपणाच्या सगळ्या वस्तूंचं गाठोडं, खुंटीला टांगलं आणि ती खाली बसली. बसल्यावर तिला पहिल्यांदाच कळलं की आपण थकलोय. गुडघे थकलेत, कंबर थकलीय, हात थकलेत. इतकी वर्षं पत्ताच नव्हता!

बुधवारी कुणीतरी पोराचं पोट बघायला बोलावलं. "थकलेय रे," ती म्हणाली. गुरुवारी पण तेच. शुक्रवारी कुणी बोलवायलाच आलं नाही.

शनिवार उजाडला. बाळाचा अकरावा दिवस. सगळीकडे शांत. मावशी कोपऱ्यावरच्या घाण्यापाशी गेली. शनिवारी बैलाला जुंपायचं नाही, पण चारायचं असतंच की. तिने पेंडीचा तुकडा त्याच्या तोंडापुढे धरला.

"तुझं बरंय," ती म्हणाली. "तुला नावच नाही."

बैलाने आधी पेंड संपवली. सावकाश. मग म्हणाला, "मावशी, मी सहा दिवस चालतो. कुठे पोचतो का? नाही. इथून निघतो, इथेच येतो. पण तेल निघतं."

"मग?"

"मग थकतो. मग शनिवार येतो." त्याने शेपटीने माशी हाणली. "थकणं वाईट असतं तर देवाने थकलेल्यांसाठी अख्खा एक दिवस कशाला राखून ठेवला असता? जो थकलाच नाही त्याला शनिवार घेऊन काय करायचाय?"

एवढं बोलून तो रवंथ करायला लागला. बैलांचं असंच असतं, मुद्द्याचं तेवढंच.

मावशी अजून त्याच्याकडे बघत होती, तेवढ्यात पाहुणा धावत आला. अनवाणी. पोथी नाही, पगडी नाही, नुसता घाम.

"मावशी! तामारला कळा सुरू झाल्यात. मिल्काबाई म्हणतात बाळ उलटं आहे. त्या म्हणतात हे त्यांच्या हातातलं काम नाही." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्हाला बोलवायला मला तोंड नाही. थकलेली हा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडला."

"खोटा नव्हता तो," मावशी म्हणाली. "थकलेय मी."

पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण मावशी घरात गेली, खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि बाहेर आली.

"उभा काय राहिलायस? चल!"

"पण तुम्ही तर थकलेल्या..."

"अरे वेड्या, न थकलेली सुईण मिळाली असती ना, तर तिला उलट्या बाळातलं ओ की ठो कळलं नसतं. दोनशे वेळा थकलेय, तेव्हा कुठे हे हात शहाणे झालेत. पळ पुढे, पाणी तापवायला सांग."

"आज शनिवार..."

"जीव अडला की शनिवार आपणहून बाजूला होतो. हे तुमच्या पोथीत नाही वाटतं?"

होतं. पोथीत होतं. तो पळाला.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत मिल्काबाईच्या घराचं दार बंद होतं. बाहेर सगळं गाव उभं. दबोरा कुणाला चावत नव्हती. राहेल नवऱ्याचा हात धरून होती. कालेब पाण्याच्या कळश्या आणून देत होता. आतून मधेच तामारचं ओरडणं, मधेच मावशीचा आवाज. "आता नको. थांब. श्वास घे, पोरी. मी आहे." परत तेच. "मी आहे गो. कुठे जात नाही मी." आत मिल्काबाई तामारचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांची राणीची मान कधीच खाली आली होती.

मग मावशी ओरडली, "टाच! आधी टाच आली! धरली हो मी!"

बाहेर पाहुणा एकदम हसायला आणि रडायला लागला. शेजारी इसाजी उभा होता. "काय झालं रे? वेड लागलं की काय?"

"माझं नाव..." पाहुणा हुंदके देत म्हणाला. "याकोब म्हणजे टाच धरणारा. जन्मभर लाज वाटली मला या नावाची. पोरं चिडवायची. म्हणून मी कुणाला सांगत नाही. आणि आज त्या आत माझ्या पोराची टाच धरून बसल्यात!"

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. ट्यॅंहँ! चांगला खणखणीत.

इसाजीच्या चेहऱ्याला काहीतरी व्हायला लागलं. आधी गाल हलले, मग मिशा हलल्या, आणि मग तो हसला. पोट धरून हसला! हसताना त्याचे दात गावात कुणीच पाहिले नव्हते, ते सगळ्यांनी मोजले.

मुलगी झाली होती. आता तिला गुंडाळायचं कशात? प्रवासातली माणसं, बाळ दहा दिवस लवकर आलेलं, काहीच तयार नव्हतं. मावशी दार उघडून योनाला म्हणाली, "जा रे, माझ्या घरी तांदळाच्या मडक्यात हात घाल. एक कुंची आहे, घेऊन ये."

योना गेला. कुंची घेऊन आला. हिरवी, बारीक टाक्यांची. त्याने ती मावशीच्या हातात दिली आणि तिने ती तामारच्या लेकीच्या डोक्यावर चढवली. मग मावशी उंबऱ्यावर टेकली, भिंतीला डोकं लावलं आणि बसल्या बसल्या गाढ झोपली. तोंड जरा उघडं. हात मांडीवर पालथे.

आकाशात पहिली चांदणी आली होती. योना आईजवळ गेला.

"आई," तो म्हणाला.

मिल्काबाई चमकल्या. याच्या तोंडून 'हं' सोडून काहीतरी निघालं!

"आई, ती कुंची माझ्या लेकीची होती."

बस. एवढंच बोलला. पण कबुतर आयुष्यात एकदा जरी बोललं तरी ऐकावं लागतं.

मिल्काबाईंनी उंबऱ्याकडे बघितलं. आणि त्यांना आठवलं. योनाच्या वेळी त्या दोन दिवस अडल्या होत्या. ओहोटीचा चिखल तुडवत, मांडीपर्यंत माखून, लेआ पलीकडच्या गावाहून आली होती. योना झाल्यावर ती याच उंबऱ्यावर, याच भिंतीला डोकं लावून, अशीच बसल्या बसल्या झोपली होती. तिच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. आणि ते सगळं आपण कसं काय विसरलो?

त्या हळूच मावशीशेजारी बसल्या. तिचं डोकं भिंतीवरून उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. पाहुणा समोर उभा होता. त्याला म्हणाल्या, "तुमच्या पोथीत थकलेली एवढंच लिहिलंय. कुणासाठी थकली, ते नाही लिहिलं?"

"नाही," पाहुणा म्हणाला.

"मग मी सांगते, लिहून घ्या. माझ्यासाठी. हन्नासाठी. तुमच्या तामारसाठी. आणि इथे उभ्या असलेल्या ह्या सगळ्यांच्या आयांसाठी."

मावशी जरा घोरली.

रविवारी उजाडता उजाडता मिल्काबाईंनी पेटी उघडली. शनिवारी सुई धरायची नाही, नाहीतर आदल्या दिवशीच बसल्या असत्या. लग्नातला लाल शालू काढला आणि सरळ कात्री चालवली. हन्ना किंचाळली, "आई, शालू!" तर म्हणाल्या, "गप गो. राणीच्या घरची कुंची आहे, साध्या कापडाची होईल का?"

बारसं भरलं. घुगऱ्या शिजल्या, नारळ फुटले. मावशीला वाटलं आपण नेहमीसारख्या घुगऱ्या खाऊन यावं. ती दाराशी बसली. तर मिल्काबाई आल्या, तिचा हात धरून पाळण्यापाशी घेऊन गेल्या आणि लाल कुंची तिच्या हातात दिली.

"माफ करा मला, लेआबाई. घाला बाळाला. आणि सांगा कानात."

मावशीने कुंची बाळाच्या डोक्यावर घातली, नीट सारखी केली. ती वाकली. एवढी केलेली प्रॅक्टिस आज कामाला आली. "लेआ," ती म्हणाली. "लेआ. लेआ."

बाळाने जांभई दिली. मोठ्ठी! अख्खा मांडव हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने इसाजी.

तेव्हा मागून पाहुणा पुढे आला. घुटमळत. हातात हिरव्या कुंचीतलं बाळ. "मावशी, आमच्याकडे हे विचारायची रीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आम्हाला पण हेच नाव हवंय. तामार म्हणते दुसरं कुठलं चालणारच नाही. पण ते तर आता दिलंत तुम्ही..."

"अरे, नाव काय भाकरी आहे, वाटली की कमी व्हायला?" मावशी म्हणाली. "आण तिला इकडे."

वारा फिरला तेव्हा गलबत निघालं. एक लेआ काठावर राहिली, एक लेआ समुद्रापार गेली. जायच्या आधी पाहुण्याने पोथी उघडली आणि 'लेआ, थकलेली' यापुढे आपल्या हाताने लिहिलं, 'दुसऱ्यांसाठी चालून चालून.' मग त्याने आणखी बरीच पानं उलटली. राहेलपुढे काय लिहिलं, दबोरापुढे काय लिहिलं, ते तो काही बोलला नाही. पण राहेलचा नवरा तेव्हापासून तिला मेंढी म्हणून चिडवायला धजला नाही, एवढं खरं.

आणि लेआमावशी? ती आणखी खूप वर्षं जगली, थकत थकत, मजेत. शनिवारी मात्र कोपऱ्यावरच्या घाण्यापाशी बैलाशेजारी आडवी व्हायची. ती गेली त्या वर्षी मलिद्याला एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मी लेआ. माझ्या आधीची लेआ उलटी बाळं सरळ जगात आणायची." तिचं वाक्य संपायच्या आत दुसरी उठली. मग तिसरी, मग नववी. सगळ्या लेआच! कोण आधी बोलणार यावरून त्यांची भांडणं लागली. बाहेर बैलाने मान हलवली, आणि तो सुट्टीच्या दिवशी करतो तेच करत राहिला. रवंथ.

तर मंडळी, नावाचा अर्थ पोथीत फक्त सुरू होतो. तो पुरा करतो ते नाव घेऊन जगणारा माणूस.